खर्जाच्या चार तारा: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात 'बेस गिटारबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा' अशी एकच ओळ टाकली होती. पत्रांचा गठ्ठा आला, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर एकच: कोणती घेऊ? मी तीस वर्षं बेस वाजवते आणि त्यातली बरीच वर्षं इतरांच्या बेस दुरुस्तही करते. वाद्य टेबलावर ठेवताना माणूस जी तक्रार सांगतो आणि तपासल्यावर मला जे सापडतं, त्यांची गाठ क्वचितच पडते. त्यामुळे उत्तरांत कुठे तिरकसपणा डोकावला तर मनावर घेऊ नका.

"ताई, दोन वर्षांपूर्वी प्रिसिजनच्या धर्तीची बेस घेतली. तेव्हा आवाज खणखणीत होता. आता जाड पांघरुणाखालून आल्यासारखा येतो. पिकअप बदलू की सरळ जाझ बेस घेऊ?"

तुमचं पत्र तीन पानांचं आहे. (प्रिसिजन आणि जाझ ही फेंडर कंपनीच्या बेसची दोन मॉडेलं.) त्यात पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारी चुंबकं, बनवणाऱ्या चार कंपन्यांची नावं आहेत, लाकडाच्या जातींची चर्चा आहे, पण 'तारा' हा शब्द एकदाही आलेला नाही. शेवटच्या कधी बदलल्यात? माझा अंदाज, कधीच नाही.

तुमच्या बेसवर बहुधा राउंडवाउंड तारा असतील. म्हणजे मधे पोलादी गाभा आणि त्याभोवती गोल तारेचे वेढे. दोन वेढ्यांमधल्या खाचेत घाम, तेल, बोटांच्या कातडीचा भुगा साचत जातो. तार जड होते, तीही सगळीकडे सारखी नाही. मग वरचे उपस्वर, ज्यांना आपण खणखणीतपणा म्हणतो, ते आधी मरतात. मूळ स्वर मात्र टिकून असतो, त्यामुळे तार 'अजून चालतेय' असं वाटत राहतं. एक परीक्षा करून बघा. बाराव्या फ्रेटवर (नेक म्हणजे बेसचा लांब दांडा, फ्रेट म्हणजे त्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तारेला नुसतं हलकं बोट टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा उपस्वर, काढा, मग तिथेच तार दाबून स्वर काढा. दोन्ही जुळायला हवेत. दाबलेला स्वर चढा लागत असेल तर ब्रिजवरचं, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथलं, त्या तारेचं सॅडल (छोटा टेकू) मागे सरकवायचं, उतरा असेल तर पुढे. सॅडल हवं तितकं हलवूनही जुळत नसेल, तर तार गेली असं बेधडक समजा.

माझी पहिली बेस मी याच तक्रारीवर विकली. चार वर्षं एकच सेट, नेक पुढे वाकलेला, आणि ए तार (जाडीकडून बारीककडे चार तारा ई, ए, डी, जी) इतकी उंच की खालून पेन्सिल जावी. घेणारा माझ्याहून लहान मुलगा होता. तीन महिन्यांनी एका कार्यक्रमात प्रेक्षकांत बसून मी शेजारणीला म्हणाले, "काय आवाज आहे गं बेसचा!" मग हेडस्टॉकवरचा, म्हणजे खुंट्या असतात त्या नेकच्या टोकावरचा, टवका दिसला. तो मीच पाडला होता, दाराच्या चौकटीवर आपटून. कार्यक्रमानंतर त्या मुलाला गाठून विचारलं, काय काय केलंस? तो म्हणाला, "तारा बदलल्या आणि ट्रस रॉड पाव फेरा फिरवला." ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली, त्याचा वाक सावरणारी सळई. त्याच्यापुढे मी काही बोलले नाही. दुरुस्तीच्या कामाला लागले ती मात्र तिथपासून.

तेव्हा आधी नवा सेट. आधी होता त्याच जाडीचा घ्या. बहुतेक बेसवर पंचेचाळीस-एकशेपाच असतो, म्हणजे सगळ्यात बारीक 'जी' तार ०.०४५ इंच आणि सगळ्यात जाड 'ई' तार ०.१०५ इंच. जाडी बदलली की ताण बदलतो, आणि चार तारांचा मिळून ताण ८० किलोच्या आसपास असतो, तेव्हा नेकला ते लगेच कळतं. तार कापण्याआधी, जिथे कापायची तिथे ती काटकोनात वाकवा आणि वाकाच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर वेढे गाभ्यावरून सुटून फिरू शकतात, आणि नवीकोरी तार पहिल्या दिवसापासून मेलेली वाजते. अशा कित्येक 'खराब निघालेल्या' तारा मी पाहिल्यात. कारखान्याचा त्यात काही दोष नव्हता. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली उतरणारे, बस.

एक दिवस जाऊ द्या. मग ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि दुसऱ्या हाताने जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसली पाहिजे. फार मोठी असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा, जास्त नाही, आणि पुन्हा मोजा. फट उरलीच नसेल तर उलट. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि कुणा जाणकाराकडे न्या. ट्रस रॉड तुटल्यावर आलेल्या माणसाला धीर देणं मला अजून जमलेलं नाही.

हे सगळं करूनही जाझ बेस हवीच असेल तर खुशाल घ्या, पण वेगळ्या कारणासाठी. लिओ फेंडरची प्रिसिजन १९५१ची. तिचा आजचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७मध्ये आला. तो एकच आवाज देतो, भरीव आणि छातीत बसणारा. जाझ १९६०ची. तिला दोन पिकअप, आणि नटपाशी (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीपाशी) नेक दीड इंच, म्हणजे प्रिसिजनहून अरुंद. ब्रिजजवळच्या पिकअपमुळे तिचा स्वर जरा नाकातून बोलतो, आणि तो गर्दीत ऐकू येतो. लहान तळव्याच्या माणसाला तो नेक आवडतो. माझा हात मोठा आहे, तरी मला तोच आवडतो, आणि याला माझ्याकडे काही कारण नाही.

"जेम्स जेमर्सनने म्हणे तारा कधी बदलल्याच नाहीत. मग आम्ही का बदलायच्या?"

हे पत्र वरच्या पत्राला आधीच उत्तर देऊन बसलंय! जेमर्सन म्हणजे मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारे बेसवादक. ऐकलंत ते बरोबरच आहे. तुटेपर्यंत तारा बदलायच्या नाहीत असाच त्यांचा खाक्या होता. पण त्या फ्लॅटवाउंड होत्या. गाभ्याभोवती गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली, वरून गुळगुळीत. त्यात मळ साचायला खाचाच नसतात, आणि उडून जाण्यासारखा खणखणीतपणाही मुळात नसतो. उलट वापरून वापरून ती तार मुरते. त्यात त्यांच्या १९६२च्या प्रिसिजनवर ब्रिजच्या झाकणाखाली फोमची पट्टी होती, स्वर लवकर मिटवणारी, आणि उजव्या हाताची एकच तर्जनी. मोटाउनच्या असंख्य गाण्यांतला तो गोल, ठाम, ढोलासारखा ठोका असा घडला. तार, फोम आणि बोट यांतलं एक जरी काढलंत तरी तो आवाज येत नाही. फक्त मळ उसना घेऊन जेमर्सन होता येत नाही.

राउंडवाउंडची गोष्ट उलटी आहे. 'द हू' या बँडचे बेसवादक जॉन एन्टविसल यांना बेसमधून पियानोच्या खालच्या सप्तकासारखा आवाज हवा होता, आणि १९६६च्या सुमारास त्यांनी तारा बनवणाऱ्या रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून तशा तारा करवून घेतल्या. त्या तारा नव्या असतानाच बोलतात. तुम्हाला झणझणीत वाजवायचं असेल, अंगठ्याने थापा मारायच्या असतील, तर राउंडवाउंड आणि नियमाने बदल. जुन्या धाटणीची गाणी, गायकाच्या पायाखाली सतरंजी अंथरावी तशी साथ करायची असेल, तर फ्लॅट लावा आणि विसरून जा. फ्लॅट महाग पडतात खऱ्या, पण आयुष्य बघता शेवटी स्वस्तच. बोटांची सरसरही ऐकू येत नाही. फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेली बेस, असेल तर मी फ्लॅटच सुचवेन. राउंडवाउंड लाकडी पट्टीवर कानशीसारखी चालते. बेसवादक जाको पॅस्टोरियस यांनी फ्रेट काढलेल्या बेसवर राउंडवाउंड वाजवल्या, पण त्यासाठी पट्टीवर होड्यांना लावतात तो इपॉक्सी थापला होता, हे लोक सांगायचं विसरतात.

याच पत्राच्या शेवटी विचारलंय की तारा पाण्यात उकळल्या तर नव्यासारख्या होतात का. होतात, काही दिवस. मळ सुटतो, धातूचा थकवा सुटत नाही. कार्यक्रम उद्यावर आलाय आणि हाताशी सेट नाही, तेवढ्यापुरतं ठीक.

"माझा अ‍ॅम्प १०० वॉटचा. गिटारवाल्या मित्राचा ५० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प. तरी तालमीत मी ऐकूच येत नाही. ३०० वॉटचा घेतला तर प्रश्न सुटेल का?"

थोडासा, आणि तोही तुम्हाला वाटतं त्या कारणाने नाही.

वॉटचं गणित मोठं फसवं आहे. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे 'जरा वाढवला का रे?' असं कुणीतरी विचारण्याइतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यातून आपला कान खर्जाला जरा बहिरा आहे. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, आणि तिथे कानाला तेवढंच ऐकवायला मधल्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. मित्राचा काचेच्या नळ्यांवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प ताणला की गोडसर फाटतो आणि अधिकच मोठा वाटतो. तुमचा फाटला की नुसता फाटतो. म्हणून गिटारच्या ५० वॉटसमोर बेसचे १०० कमी पडतात. ड्रमसोबत वाजवायचं तर ३०० वॉट ही वाजवी अपेक्षा आहे.

पण आधी अ‍ॅम्पच्या कळा कुठे आहेत ते सांगा. घरी एकट्याने वाजवताना सगळे तेच करतात: बेसची कळ वर, ट्रेबलची वर, मधली खाली. खोलीत काय सुंदर वाटतं! तालमीत मात्र तुमचा खालचा भाग बास ड्रम खातो, वरचा भाग झांजा खातात, आणि ज्या मधल्या पट्टीत तुमचं नाव ऐकू आलं असतं ती तुम्हीच कापून ठेवलेली असते. बेसची कळ थोडी खाली घ्या, ४०० ते ८०० हर्ट्झच्या आसपासची मिड वर करा. एकट्याने ऐकाल तर कर्कश वाटेल. वाटू द्या. खालचा स्वर आपला मेंदू उपस्वरांवरूनही ओळखतो. ८२ आणि १२३ हर्ट्झ नीट ऐकू आले तर ४१ तो स्वतः भरून घेतो. छोट्या स्पीकरवरही बेस 'कळते' ती याच सवयीमुळे.

दुसरं, अ‍ॅम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याला चिकटून उभे, असंच ना? स्पीकरमधून येणारी स्पष्टता सरळ रेषेत तुमच्या गुडघ्यांकडे जाते. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. कोपऱ्यात ढकललात तर खर्ज फुगतो आणि गढूळ होतो. ४१ हर्ट्झची एक लाट ८ मीटरहून लांब असते, म्हणजे बहुतेक तालमीच्या खोल्यांपेक्षा मोठी. भिंतींवर आपटून ती कुठे दुप्पट होते, कुठे नाहीशी होते. दोन पावलं सरकून ऐका. नवा अ‍ॅम्प घेण्याआधी हे दोन पावलांचं काम करून बघाच.

जोडीला आणखी एक कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, लावणं हा वॉट वाढवण्यापेक्षा शहाणा खर्च असतो, कारण जास्त हवा हलते. मात्र ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, मोजा. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात. बरेच अ‍ॅम्प तिथपर्यंतच जातात. एकदा मोठ्या मैदानातल्या कार्यक्रमात मी हौसेने तिसरं ८ ओहमचं कॅबिनेट जोडलं. झाले पावणेतीन ओहमहून कमी. पहिली तीन गाणी काय आवाज होता! चौथ्यात अ‍ॅम्पने स्वतःला बंद करून घेतलं, आणि उरलेलं गाणं मी अत्यंत गंभीर चेहऱ्याने मुकं वाजवलं. ट्रान्झिस्टरवाल्या अ‍ॅम्पला ओहम फार कमी झाले की त्रास, आणि ट्यूबवाल्याला स्पीकर न जोडताच चालू करणं हा त्याहून मोठा अपराध. दुसरी गोष्ट कधीही करू नका.

अ‍ॅम्पेगचा १९६९चा एसव्हीटी नावाचा अ‍ॅम्प ३०० वॉटचा होता आणि त्याखाली दहा इंची आठ-आठ स्पीकरची कपाटं असत. ती उचलण्याच्या आठवणी माझ्या कमरेत आहेत. आज क्लास डी तंत्राचे ५०० वॉटचे हेड (स्पीकर नसलेले अ‍ॅम्प) दोन-तीन किलोत मिळतात. जुन्याच्या प्रेमात असाल तर उचलायला माणसंही बघून ठेवा.

"गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये बेस लावली तर काही बिघडेल का?"

घरी हळू आवाजात, नाही. ड्रमसोबत जोरात, हो: स्पीकरचा कोन त्याच्या झेपेपलीकडे पुढेमागे जातो आणि फाटतो. अ‍ॅम्पला सहसा काही होत नाही, जातो तो स्पीकर. बेसच्या अ‍ॅम्पमध्ये गिटार मात्र बिनधास्त लावा.

"माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला बेसच शिकायची आहे, पण हात पुरत नाही. शिक्षक म्हणतात गिटारवर शिकवा आणि थांबा. काय करावं?"

थांबू नका. अकराव्या वर्षी कुणाला बेस हवी असते हो! मिळालंय ते जपा.

सर्वसाधारण बेसची स्केल ३४ इंच असते, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत वाजणारी तार तेवढी लांब. ३० इंची शॉर्ट स्केल बेसही असतात, आणि त्या खेळण्यातल्या नव्हेत: पॉल मॅकार्टनींची व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर ३० इंची, फेंडरची १९६६ची मस्टँगही ३० इंची. पहिल्या चार फ्रेटचं अंतर ३४ इंचीवर साधारण १७८ मिलिमीटर भरतं, ३० इंचीवर १५७. एकवीस मिलिमीटरचा फरक मोठ्यांना किरकोळ वाटेल. अकरा वर्षांच्या करंगळीसाठी तो पोचणं आणि न पोचणं यातला फरक आहे. तारांचा ताणही कमी, त्यामुळे बोटं दुखत नाहीत. आवाज थोडा गोल, थोडा मऊ.

तारा मात्र शॉर्ट स्केलच्याच घ्या. लांब तार कापून लावली तर जाड भाग खुंटीवर वळतो, आणि तिथे ती सुटते किंवा तुटते. वजनही बघा. पट्टा गळ्यात घालून हात सोडले की नेक जमिनीकडे झुकतो का? झुकत असेल तर मुलगी डाव्या हाताने वाजवण्याऐवजी वाद्य उचलून धरत बसेल. रुंद, खरखरीत पट्ट्याने हे थोडं सावरतं, पण मुळात न झुकणारी मिळाली तर उत्तम.

आणि शिक्षकांना एक विनंती कळवा. खालच्या फ्रेटवर 'एका फ्रेटला एक बोट' असा हट्ट नको. उभ्या डबल बेसचे वादक पिढ्यान्‌पिढ्या पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, तिसरं चौथ्याला आधार देतं. हात वाढेपर्यंत तिला तसं वाजवू द्या. मी अजूनही पाचव्या फ्रेटच्या खाली तसंच वाजवते.

"आजकाल पाच तारांशिवाय चालत नाही म्हणतात. चार तारांची विकून पाच तारांची घेऊ का?"

कोण म्हणतं, ते लिहिलं नाहीत. गायकाच्या सोयीसाठी सारखं ई फ्लॅट किंवा डी पट्टीत वाजवावं लागत असेल, तर पाचवी बी तार खरोखर हात वाचवते. ती ३१ हर्ट्झची. छोट्या अ‍ॅम्पवर तिचा स्वर कमी आणि धडधड जास्त. घेताना आधी तीच तार वाजवा, बाकी चार नंतर. ढिली दोरी हलवल्यासारखी लागली तर ती बेस परत ठेवा. ३५ इंची स्केलवर ती जरा ताठ लागते. क्वचितच खाली जायचं असेल, तर ई तार डीला उतरवा, काम भागतं. किंवा पाच तारांच्या सेटमधल्या जाड चार तारा चार तारांच्या बेसवर चढवून बी-ई-ए-डी लावा. नटच्या खाचा थोड्या रुंद कराव्या लागतील, कानस जपून चालवा.

"माझी जाझ बेस गुणगुणते. तारांना हात लावला की कमी होतं. पिकअप खराब आहे का?"

नाही. तिचे दोन पिकअप एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात; दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवलेत की गुणगुण एकमेकांना मारते. एक कमी केलात की ती परत येते, हा तिचा स्वभाव आहे. हात लावल्यावर कमी होते याचा अर्थ तारांचं अर्थिंग जोडलेलं आहे, म्हणजे चांगलंच. पण तारांना आणि माइकला एकदम स्पर्श झाल्यावर झिणझिण्या आल्या, तर वाजवणं तिथल्या तिथे थांबवा आणि वीजजोडणी तपासून घ्या. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून गुणगुण घालवणारे शूरवीर मी पाहिलेत. त्यांचं कौतुक करू नका.

"जी तारेवर पाचव्या फ्रेटवरचा सी दोन सेकंदात मरतो. बाकी सगळे स्वर टिकतात. नवी बेस आहे. फसवलं का मला?"

फसवलं नाही. बोल्ट लावलेल्या लांब नेकच्या बेसमध्ये जी तारेवर पाच ते सात फ्रेटच्या दरम्यान एखादा स्वर असा मरका असतोच. महागातल्या महाग वाद्यातही. नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते. तारेचा स्वर तिच्याशी जुळला की नेक तारेची ताकद शोषून घेतो आणि स्वर मिटतो. हेडस्टॉकला वजन लावलं की ती जागा सरकते. खरं वाटत नसेल तर क्लिपवाला ट्यूनर हेडस्टॉकला चिमटून पुन्हा वाजवा. थोडा तरी फरक ऐकू येईल. काही जण तिथे पितळेचं वजन कायमचं बसवतात. मग सी जगतो, आणि कधीकधी शेजारचा सी शार्प मरतो. माझ्या बेसवर हेच झालं, म्हणून मी ते वजन काढून टाकलं. लांब धरायचा सी असला की मी तो डी तारेवर दहाव्या फ्रेटवर वाजवते.